मेणाचे सात हात

मी अर्ज लिहिणारा माणूस आहे. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, पण हाताची खाज काही निवृत्त झाली नाही. नळाला पाणी कमी आलं की अर्ज, खांबावरचा दिवा गेला की अर्ज. चिखलीच्या नगरपालिकेत मी पायरी चढताना दिसलो की अर्धी टेबलं चहाला उठतात, असं माझी बायको प्रतिमा म्हणते. म्हणू दे. शेजारच्या प्रेरणाची आणि माझी खरी ओळख अर्जामुळेच झाली. तशी ती पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला बघतोय, पण बघणं वेगळं आणि ओळखणं वेगळं.

तिचे वडील किसनराव. वीस-बावीस वर्षं चिखली ते मेहकर काळी-पिवळी जीप चालवली त्यांनी. हिवरा आश्रमाच्या उत्सवाला जीपमध्ये किती माणसं बसवायचे ते सांगितलं तर आरटीओवाला आजही केस करील. बोलका माणूस. संध्याकाळी जीप घराच्या बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये लावली की ओट्यावर बसून दिवसभराच्या सवाऱ्यांचे किस्से सांगायचे, आणि मी रस्त्यांच्या खड्ड्यांवर शिव्या घालायचो. असं आमचं वीस वर्षं चाललं. मग त्यांची बायको मंजुळाबाई गेली, जीप थकली, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी किसनराव दात घासता घासता खाली बसले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. कळतं सगळं. बोलता येत नाही.

प्रेरणा तेव्हा चाकणला एका कारखान्यात होती. बुलढाण्याला आयटीआय केलं आणि तिकडे लागली. गाड्यांचे कार्बन फायबरचे भाग बनवायचे तिथे. नऊ वर्षं केलं तिनं ते काम. वडिलांचं कळलं तशी बॅग घेऊन आली, आणि महिन्याभरानं शेडमधून असा काही वास यायला लागला की मी जेवता जेवता उठलो. लग्नाचं विचाराल तर तो विषय तिचा आहे, तुमचाही नाही आणि माझाही नाही. गल्लीतल्या लोकांनाही मी हेच सांगतो, तर त्यांना राग येतो.

वासाचा मी रीतसर अर्ज दिला. तीन प्रती. आठ दिवसांनी प्रेरणाच त्यातली एक प्रत हातात घेऊन माझ्या दारात.

"काका, हा तुमचाच हाये न? अक्षर लई चांगलं हाये तुमचं."

मी भांडायच्या तयारीनं चष्मा वर केला.

"खरं लिहिलं तुमी," ती म्हणाली. "वास येते. मी तं मास्क लावते, पण तुमचं घर वाऱ्याच्या तोंडाशी हाये हे माह्या ध्यानातच आलं नाई. उद्याच पंखा मागच्या नाल्याकडं फिरवते. पण काका, तुमी निस्ता वास घेतला. काम तं पाह्यलंच नाई. या न."

आता असं कोणी बोललं तर माणसानं भांडायचं कसं? गेलो.

शेडमध्ये तिनं माझ्या हातात गाडीच्या आरशाचं एक कव्हर ठेवलं. काळं, बारीक विणीचं, वरून काचेसारखं चकचकीत. उचललं तर हातात काही आहे की नाही अशी शंका यावी इतकं हलकं. "वाकवा," म्हणाली. मी दोन्ही अंगठ्यांनी जोर लावला, मग गुडघ्यावर ठेवून लावला. काही हललं नाही. "अबे बापरे," माझ्या तोंडून गेलं. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेले किसनराव हसले. अर्ध्या तोंडानं हसले, पण ते हसू मी वीस वर्षं ओळखत होतो.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी तिथे जायला लागलो. प्रतिमा म्हणाली, "अर्जाचा निकाल चांगला लागला म्हणायचा."

काम कसं असतं ते सांगतो. आधी साचा. ज्या वस्तूची नक्कल हवी तिच्यावरून फायबरचा उलटा साचा काढायचा. त्याच्या आतल्या बाजूवर एक ओरखडा चालत नाही, कारण जे आत असेल तेच वस्तूच्या तोंडावर उतरणार. मग त्यात मेण. मोदकाच्या साच्याला आपण तूप लावतो ना, तसंच, वस्तू सुटून यावी म्हणून. पण तूप एकदा लावलं की झालं. इथे मेणाचे सात हात. एक हात लावायचा, पुसून चकचकीत करायचा, तासभर थांबायचं, मग दुसरा. प्रत्येक हाताला ती शेडच्या दारावर खडूनं एक रेघ मारायची. मग कार्बन फायबरचं काळं कापड शिंप्यासारखं बेतून साच्यात बसवायचं, वरून प्लास्टिकची पिशवी चहूबाजूंनी चिकटवायची, आणि जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा पंप लावून आतली सगळी हवा ओढायची. हवा गेली की नळीतून रेझिन, म्हणजे पातळ डिंकासारखं रसायन, आत सोडायचं. ते कापडात भिनतं, रात्रभरात दगड होतं.

यात एकच धोका. पिशवीला टाचणीएवढं भोक राहिलं तर हवा आत जाते आणि सगळं काम बुडबुड्यांचं होऊन बसतं. ते भोक डोळ्यांना दिसत नाही. कानानं शोधावं लागतं. चाकणला त्यासाठी यंत्र होतं म्हणे. इथे किसनराव होते.

ती पंप सुरू करायची, मग दोन मिनिटं बंद करून अगदी गप्प उभी राहायची. किसनराव डोळे मिटायचे. बावीस वर्षं टायरची हवा ऐकलेला कान तो. मला काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. आणि त्यांचा डावा हात हळूहळू उठायचा, एका कोपऱ्याकडे बोट करायचा. प्रेरणा तिथे कान लावायची आणि म्हणायची, "हाव बाबा. हाये." मग चिकटपट्टी दाबायची. बोट खाली आलं की किसनरावांच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ना, ते मी त्यांच्या आजारपणानंतर दुसरीकडे कुठेच पाहिलं नाही. त्यांना काम होतं. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

छोटे भाग बरे चालले होते. पण पुण्याच्या शंतनु नावाच्या मुलानं मोठं काम आणलं. त्याचं गॅरेज, जुन्या जिपा शर्यतीसाठी तयार करतात. त्याला हलकी बॉनेटं हवी होती. एक नमुना धनत्रयोदशीला येऊन बघतो म्हणाला. पसंत पडला तर वर्षभर पुरेल एवढं काम. आणि बॉनेट कुठलं? किसनरावांच्या जीपचंच मॉडेल. जीप भंगारात गेली तेव्हा त्यांनी बॉनेट तेवढं काढून घराच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं होतं. प्रेरणानं तेच घासून, पोचे काढून, त्यावरून साचा काढला. पोचे काढताना किसनराव डावा हात पत्र्यावर फिरवून सांगायचे, कुठे अजून बसकं आहे.

या नमुन्यावर काय काय अवलंबून होतं ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. चाकणच्या साहेबानं तिला परत बोलावलं होतं, दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून. काम मिळालं तर ती इथेच राहणार. नाही मिळालं तर ती चाकणला, आणि किसनराव सुरतला, मुलाकडे. गोविंदा वाईट नाही, पण दोघं नवरा-बायको दिवसभर कामावर, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एकदा वर चढवलं की किसनराव खाली कधी उतरणार? मी हे मोठ्यानं कधी बोललो नाही. तेही बोलू शकत नव्हते.

आता माझं सांगतो. इथपर्यंत तुम्हाला मी बरा माणूस वाटलो असेन.

खंडेनवमीचा दिवस. आदल्या दिवशी प्रेरणानं बॉनेटच्या साच्याला मेणाचे सात हात दिले होते, दारावर सात रेघा होत्या. रेझिनचा डबा जालन्याला ट्रान्सपोर्टमध्ये येऊन पडला होता, तो आणायला ती सकाळच्या एसटीनं निघाली. जाताना माझ्याकडे आली. "काका, बाबाले आज अवजारांची पूजा पाह्यजे. दरसाल जीपची करत होते न. माह्या हातून तं आज होत नाई. तुमी दोन फुलं वाहाल का?"

आमच्या घराण्यात भिक्षुकी होती. मी नोकरी केली तरी गल्लीतल्या पूजा मीच सांगतो. आणि किसनरावांच्या जीपच्या बॉनेटवर दर खंडेनवमीला स्वस्तिक मीच काढायचो, वीस वर्षं. तेलात कुंकू कालवून, कारण पत्र्यावर पाण्यातलं कुंकू टिकत नाही. तेव्हा मी ताम्हण, फुलं, हळदकुंकू घेऊन ऐटीत शेडमध्ये गेलो. पंपाला फूल, कात्र्यांना फूल, पंख्याला फूल. किसनराव खुर्चीतून खूश होऊन बघत होते.

मग साच्याशी आलो. बॉनेटच ते. उलटं असलं म्हणून काय झालं? आतली बाजू आरशासारखी चमकत होती. म्हटलं, हेच याचं तोंड. मधोमध, जिथे वीस वर्षं काढलं तिथेच, स्वस्तिक काढायचं. पाण्यातलं कुंकू लावलं तर मेणावरून थेंब थेंब होऊन पळालं. मला आणखी चेव आला. तेलाची वाटी घेतली, कुंकू कालवलं.

तेव्हा किसनरावांनी हात हलवला.

डावा हात, आडवा, दोनदा. मला दिसला. तोंडातून आवाजही काढला त्यांनी. मी म्हणालो, "थांबा हो किसनराव, पूजेतलं मला शिकवू नका." काठी आपटली त्यांनी फरशीवर. मी स्वस्तिक काढलं. साचा भिंतीला तिरका टेकवलेला होता, तेल ओघळायला लागलं, स्वस्तिकाचे पाय खाली धावले. ते काही बरं दिसेना, म्हणून मी उपरण्याच्या टोकानं चांगलं जोर लावून पुसून टाकलं. अगदी स्वच्छ. मग साच्याच्या कडेला झेंडूचं फूल ठेवलं आणि घरी गेलो. काठीचा आवाज मागून येत होता. म्हातारपणी माणूस चिडका होतो, असं मी मनाशी म्हणालो. मी, चिडका दुसऱ्याला म्हणालो.

दसऱ्याला तिनं कापड बसवलं, किसनरावांनी दोन भोकं शोधली, रेझिन सोडलं. ते दिवसभर साच्याकडे बोट करत राहिले. तिनं तिथली पिशवी तीनदा तपासली, कारण त्यांचं बोट म्हणजे भोक, हेच तिला ठाऊक. "नाई बाबा, इथं काईच नाई," म्हणाली. त्यांनी हात मांडीवर टाकला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट सोडवायला तिनं मला बोलावलं. मी दसऱ्याच्या सोन्याबरोबर वाटून उरलेला पेढा घेऊन गेलो. कडेनं प्लास्टिकच्या पाचरी बसवल्या, रबरी हातोडीनं ठोकलं. कडा सुटल्या, टक टक आवाज करत सुटत आल्या. मधोमध येऊन थांबल्या. तिनं पाणी सोडलं, परत पाचर घातली. सुटेना. जरा जोर लावला, आणि असा आवाज झाला की माझ्या हातातला पेढा खाली पडला. बॉनेटला मधोमध तडा गेला होता, आणि साच्याचा तळहाताएवढा पापुद्रा उखडून बॉनेटलाच चिकटून आला होता.

तळहाताएवढा. बरोबर मधोमध. जिथे मी उपरण्यानं पुसलं होतं तिथेच.

प्रेरणा खाली बसली. बराच वेळ त्या जागेवरून बोट फिरवत राहिली. मग दाराकडे बघून म्हणाली, "सात रेघा हायेत. म्हंजे रेघ मारली अन् हात मारलाच नाई मी. दुपारी बाबाले जेवू घालत होती, तवाच सुटला असंन." मग वडिलांकडे वळली. "बाबा, तुमी इथंच होते न? सुटला का एखांदा हात?"

किसनरावांनी मान हलवली. नाही. जोरानं, पुन्हा एकदा. नाही.

"तुमाले काय याद राह्यते," ती प्रेमानंच म्हणाली, पण म्हणाली.

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा डावा हात खुर्चीवरून थोडा उठला. माझ्याकडे बोट करायला ते बोट सरळ करायचं, एवढंच काम होतं.  त्यांनी हात परत खाली ठेवला आणि नजर दुसरीकडे नेली.

"एकाच बॉनेटचं कापड उरलं हाये," ती म्हणाली. "धनत्रयोदशीच्या आत नवं काई येत नाई. अन् माहा हातच असा चुकत असंन तं... एकटीच्यानं होत नाई काका हे. चाकणला नऊ वर्षांत एक पार्ट चिकटला नव्हता माहा. सांजच्याला साहेबाले फोन करून सांगते, दिवाळीनंतर येते म्हणून."

मी घरी आलो. हो, आलो. अर्ज लिहिणारा, अख्ख्या नगरपालिकेला जाब विचारणारा मी, पेढा उचलून घरी आलो. ताटावर बसलो. प्रतिमा म्हणाली, "वरणात मीठ घालायचं विसरले आज. तुम्ही बोलला नाहीत. काय झालंय?"

मी सांगितलं. सगळं.

"मग इथे काय करताय?" ती म्हणाली. माझ्यापुढचं ताट तिनं उचलून घेतलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

शेडमध्ये प्रेरणा साच्यातून उरलेले तुकडे खरवडत होती. फोन बाजूलाच पडला होता. "फोन केलास?" मी विचारलं.

"नाई अजून."

"करू नकोस. मेणाचा हात सुटला नव्हता. मेण मी पुसलं, तेलाबरोबर." आणि कुंकू, तेल, उपरणं, सगळं ओकून टाकलं. बोलताना माझी मान खाली होती, कारकुनासमोर उभं राहिलेल्या माणसासारखी.

प्रेरणानं खरवडणं थांबवलं. साच्याच्या त्या उखडलेल्या जागेकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजे मी सातही हात मारले होते."

"सातही."

 तिचे खांदे खाली आलेले मी पाहिले. वाटलं, सुटलो. मग तिनं विचारलं, "अन् बाबा? बाबा तं इथंच होते."

"होते."

"काई म्हणले नाई?"

इथे खोटं बोलता आलं असतं. साक्षीदार मुका होता. पण साक्षीदार समोर बसला होता.

"त्यांनी हात हलवला. नको म्हणून. काठीही आपटली."

"मंग?"

"मी लक्ष दिलं नाही."

आता मात्र तिच्या डोळ्यांत पाणी आलं. साचा उखडला तेव्हा आलं नव्हतं. "साच्याचं काय, काका, साचा मी भरून काढीन. पण बाबा नको म्हणत होते अन् तुमाले दिसत होतं? दवाखान्यात डॉक्टर त्यायले नाई इचारत, मले इचारते. दादा फोनवर म्हणते, बाबाले सांग. बाबाले फोन दे, असं नाई म्हणत. पावणे येतात, त्यायच्या डोक्यावरून बोलतात. मले वाटे, एक काका तरी हायेत." मग तिनं वडिलांकडे बघितलं. "अन् मी तरी काय केलं? सकाळी मान हलवून सांगत होते तं म्हटलं, तुमाले काय याद राह्यते. काल दिवसभर बोट दाखवत होते. मी भोक शोधत राह्यली."

ती उठून वडिलांच्या खुर्चीजवळ गेली, खाली बसली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. किसनरावांचा डावा हात तिच्या केसांवर आला. मी तिथे थांबायला नको होतं, पण थांबलो.

"किसनराव," मी म्हणालो, "चुकलो मी. वीस वर्षं तुमचं ऐकलं, आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं नाही. माफ करा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग मुलीच्या डोक्यावरचा हात उचलून बाजूच्या बाकावर दोनदा थापटला. जीप गच्च भरलेली असताना रस्त्यात आणखी एक सवारी दिसली की ते असंच सीटवर थापटायचे. सरका, होते जागा. मी जाऊन बसलो. रडलो की नाही ते विचारू नका.

पुढचे आठ दिवस मी सरकारी वेळेवर हजर. उखडलेली जागा तिनं भरली, सुकू दिली. मग घासकाम माझ्याकडे. जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी मारत मारत. ज्या हातानं पुसलं त्याच हातानं घासायचं, अशी शिक्षा मीच मागून घेतली. बोटांची सालपटं निघाली. मला वाटायचं झालं, गुळगुळीत झालं. किसनरावांकडे बघायचो. ते तळहात फिरवून बघायचे आणि आडवा हात हलवायचे. नाही. परत घासायचो. असं चौदा वेळा 'नाही' ऐकलं मी त्यांचं, प्रत्येक वेळी ऐकलं. पंधराव्यांदा त्यांनी मान डोलावली. मेणाचे सातही हात प्रेरणानं दिले आणि रेघा मात्र किसनरावांनी मारल्या. डाव्या हातानं मारलेल्या, वाकड्यातिकड्या.

शेवटचं कापड बसवलं त्या दिवशी दुपारी तिघंही शेडमध्ये होतो. पंप चालला, पिशवी साच्याला घट्ट बसली. किसनरावांनी एक भोक दाखवलं, ते बुजवलं. पंपावरचा दाब दाखवणारा काटा जागेवर थांबला, हलेना. प्रेरणानं परत वाट पाहिली. काही नाही. ती रेझिन कालवायला वळली. हार्डनर घातलं की मग थांबता येत नाही, रेझिन डब्यातच घट्ट होतं. तिची पाठ आमच्याकडे होती.

किसनरावांचा हात उठला. आडवा.

मी काट्याकडे पाहिलं. काटा तर जागच्या जागी. कान दिला. शपथेवर सांगतो, मला काहीच ऐकू आलं नाही. काही म्हणजे काहीच नाही.

"थांब!" मी ओरडलो. "पोरी, थांब! किसनराव नाही म्हणतात."

हार्डनरची बाटली तिच्या हातात तिरकी झाली होती. तिनं सरळ केली. "कुठे बाबा?" त्यांचं बोट पिशवीकडे गेलंच नाही. ते रेझिनच्या नळीकडे गेलं, जिथे तिला चिमटा लावला होता तिथे. प्रेरणानं चिमटा हलवला तर खाली नळीला केसाएवढी चीर. चिमट्यानं बरीचशी दाबली होती म्हणून काटा गप्प होता, पण त्यांच्या कानाला तेवढीही हवा पुरली. चिमटा सोडला असता, रेझिन आत जायला लागलं असतं, की त्याच्याबरोबर हवाही गेली असती. शेवटचं कापड होतं ते. प्रेरणा स्टुलावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. नवी नळी कापली, लावली. किसनरावांनी मान डोलावली. मग रेझिन सोडलं.

दुसऱ्या दिवशी पाचर लागायच्या आधीच बॉनेट सुटलं. एकच आवाज, टक. दोन्ही हातांवर धरून तिनं ते किसनरावांच्या मांडीवर ठेवलं. काळं, चकचकीत, त्यांच्याच जीपचं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, डावीकडून उजवीकडे, जीप लावल्यावर रोज फिरवायचे तसा.

धनत्रयोदशीला शंतनु आला. बारीक नजरेचा पोरगा. उन्हात धरून तिरकं बघितलं, नाण्यानं जागोजागी वाजवून पाहिलं, आणि मधोमध थांबला. "इथे जरासा उठाव दिसतोय."

"साचा दुरुस्त केलेला हाये," प्रेरणा म्हणाली.

"ती चूक माझी," मी म्हणालो. "तिची नव्हे. पाहिजे तर लिहून देतो."

तो हसला. "पॉलिशमध्ये जाईल, काका. पण आतलं काम फार स्वच्छ आहे. एक बुडबुडा नाही. इथे कुठलं मशीन आहे तुमच्याकडे?"

प्रेरणानं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे बोट केलं. त्याला वाटलं ती थट्टा करतेय. बॉनेट गाडीत ठेवून तो जाताना म्हणाला, आणखी बारा करा. तो गल्लीच्या तोंडाशी गेला असेल नसेल, तिनं चाकणला फोन लावला. "साहेब, माही जागा कोणालेबी द्या," एवढंच म्हणाली. दुसरा फोन सुरतला लावला, आणि गोविंदा बोलायला लागण्याआधीच फोन किसनरावांच्या कानाला धरला. "दादा, बाबाले सांग तूच. ते ऐकून राह्यले." किसनराव ऐकत होते. मध्येच एकदा अर्ध्या तोंडानं हसले.

पाडव्याच्या सकाळी मी परत ताम्हण घेऊन शेडमध्ये गेलो. खंडेनवमीची पूजा माझ्याकडून नासली होती, ती मला पुरी करायची होती. या वेळी मी हात कशालाच लावला नाही. किसनरावांसमोर उभा राहिलो आणि विचारलं, "कुठे लावू, किसनराव?"

प्रतिमा आली होती, प्रेरणा दारात उभी होती. मी पंपाकडे ताम्हण नेलं. किसनरावांनी हात आडवा हलवला. कात्र्यांकडे नेलं. नाही. मुद्दामच साच्याकडे वळलो, तर त्यांनी इतक्या जोरात हात हलवला की खुर्ची करकरली, आणि आम्ही चौघंही हसत सुटलो. किसनरावांच्या हसण्याला आवाज फुटला. दोन वर्षांत तो आवाज त्या शेडनं ऐकला नव्हता.

"मग कुठे? सांगा, मी थांबतो."

मी थांबलो. त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, छातीपर्यंत आला, हनुवटीशी जरा अडला. मी मध्ये बोललो नाही, मदत केली नाही. हात तसाच वर गेला आणि त्यांनी बोट आपल्या कानाला लावलं.

प्रेरणा "हाव बाबा," म्हणाली आणि माझ्या हातातलं ताम्हण तिनं धरलं. मी अनामिका कुंकवात बुडवली. पाण्यातल्या, तेलातल्या नव्हे. आणि किसनरावांच्या कानाच्या पाळीला ती टेकवली.